पहिल्या डोसाआधीचे रक्त

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

१९३७ साली तयार झालेली पीतज्वराची १७डी लस एका डोसात काम भागवते, मग त्याच कुळातल्या डेंग्यूने इतकी वर्षे का छळावे, असे तू विचारले आहेस. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत, एवढे उत्तर कोणीही देईल. खरी गोम पुढे आहे. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला पुरते निकामी करत नाहीत, आणि अशा अर्धवट जखडलेल्या विषाणूला काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडाच्या शेपटाला धरून आत ओढतात. त्याला वाढायचे असते तेही याच पेशींत. म्हणून दुसरा संसर्ग पहिल्याहून घातक ठरू शकतो, आणि अर्धीमुर्धी लस त्या पहिल्या संसर्गाची जागा घेऊ शकते.

प्रयोगशाळेत तू जांभळ्या रंगवलेल्या पेशींच्या थरातली विषाणूने पाडलेली भोके मोजशील, आणि लस घेतलेल्याच्या रक्तद्रवामुळे ती निम्म्यावर आली की हरखशील. त्या आकड्याला संरक्षण मात्र समजू नकोस. थायलंडच्या रत्चबुरी प्रांतात झालेल्या एका डेंग्यू लसीच्या चाचणीत, २०१२ च्या अहवालानुसार, प्रकार दोनविरुद्ध प्रतिपिंडे असूनही लस त्याच्यापुढे जवळजवळ निष्प्रभ ठरली.

तीच लस, डेंगव्हॅक्सिया, २०१६ पासून फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर तीव्र आजाराचा धोका वाढतो, हे ती बनवणाऱ्या सानोफी कंपनीने जाहीर केले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये. एवढा उशीर का, ते बारकाईने वाच. चाचण्यांमध्ये लसीपूर्वीचे रक्त थोड्याच मुलांचे घेतले होते. उरलेल्यांना आधी डेंग्यू झाला होता का, हे ठरवायला अखेर पहिल्या डोसानंतरच्या तेराव्या महिन्याच्या नमुन्यांत डेंग्यूच्या एनएस१ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधावी लागली, कारण लसीचा सांगाडा, आणि त्यातले हे प्रथिनही, पीतज्वराच्या विषाणूचे असल्याने ही प्रतिपिंडे बहुधा नैसर्गिक संसर्गाचीच असणार होती. युक्ती देखणी आहे, पण तिची पाळीच यायला नको होती.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक यांची डेंग्यू लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. अशा कुठल्याही चाचणीत तू रुजू होशील, तेव्हा पहिल्याच आठवड्यात डीप फ्रीझरची नोंदवही उघड आणि प्रत्येक सहभागीची लसीपूर्वीची कुपी जागेवर आहे का ते पाहा. कुपी सापडली नाही, तर ती का घेतली नाही हे वरिष्ठांना विचारायला कचरू नकोस, आणि मिळालेले उत्तर मला कळव.

तुझा शुभचिंतक