रिपोर्ट नॉर्मल, तरी दुसरी गोळी?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ होतं, एटोरव्हास्टॅटिन ४० वर ते ७० आलंय. रिपोर्टवर ‘१०० च्या आत नॉर्मल’ छापलंय. तरी डॉक्टरांनी एझेटिमाइब १० वाढवली. दोन-दोन गोळ्यांनी लिव्हर जाईल, असं गावात सांगतात. गोळी द्यावी का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : द्या, बिनधास्त द्या. रिपोर्टवरचा १०० चा आकडा हृदयाला काही झालेलं नसलेल्यांसाठी. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं.

मग एटोरव्हास्टॅटिनच ८० ची का नाही? ती स्टॅटिन गटातली गोळी. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या जेमतेम ६ टक्के आणखी उतरतात. वडिलांच्या हिशेबात आठ-नऊ. अंगदुखीची शक्यता मात्र वाढते. एझेटिमाइबची वाट निराळी. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल बनणं रोखतं. ही गोळी जेवणातलं आणि पित्तातून आलेलं कोलेस्टेरॉल आतड्यातच अडवते. त्यामुळे उरलेल्या ७० मधून साधारण २० टक्के, म्हणजे चौदाएक कमी होतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इम्प्रूव्ह-इट’ चाचणीत अशी जोड दिल्यावर झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सात वर्षांत शंभरात सुमारे ३५ वरून ३३ वर आल्या.

लिव्हरचं म्हणाल, तर एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) थोडं वाढलं म्हणून गोळी बंद करायची नसते. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं तर डॉक्टर फेरविचार करतात.

खरा घोळ मेडिकलवर होतो. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. ती आणली आणि जुनी पट्टीही चालू राहिली, तर स्टॅटिन दुप्पट पोटात जातं. पट्टीवरची औषधांची नावं वाचूनच घ्या. दुसऱ्या कुणाकडून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा ट्रायग्लिसराइडसाठी (रक्तातली चरबी) जेमफायब्रोझिल लिहून आलं, तर चालू गोळ्या आधी दाखवा. यांच्याबरोबर स्टॅटिन रक्तात वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. सोयाबीन काढून आल्यावर अंग दुखणारच. पण काही कष्ट न करता दोन्ही मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना कळवा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरी करडईचं तेल आणि भाकरी असेल तर उत्तमच, पण त्या भरवशावर गोळी सोडू नका. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुन्हा करा. आकडा ५५ च्या आत आला, तरी दोन्ही औषधं चालूच ठेवायची. तो त्यांच्यामुळेच उतरलेला असतो.