उद्यमनगरचा नातू आणि मोटरस्पोर्टचं कॉलेज

पत्र: "ताई, आम्ही मूळचे कोल्हापूरचे, गेली सहा वर्षं इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये राहतो. ह्यांची आयटीतली नोकरी आहे, मी इथल्या शाळेत मदतनीस आहे. आमचा मुलगा १५ वर्षांचा, पुढच्या उन्हाळ्यात जीसीएसई, म्हणजे इथली दहावी. त्याला ए-लेव्हल, म्हणजे इथली अकरावी-बारावी, करायचं नाही. मोटरस्पोर्टचा कोर्स आहे अशा कॉलेजात जायचं म्हणतो. हे म्हणाले, 'गॅरेजात पाने फिरवायला एवढ्या लांब आलो का आपण?' तेव्हापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. सासरे उद्यमनगरात टर्नर होते, ते फोनवर नुसते हसतात. सासूबाई विचारतात, 'म्हणजे आयटीआयच ना गं ते?' मला उत्तर देता येत नाही. काय करू?"

सासूबाईंचं उत्तर आधी देते, कारण प्रश्न त्यांनीच नेमका विचारलाय. हो, त्याच घराण्यातलं आहे. इथल्या कॉलेजातला लेव्हल ३ चा, म्हणजे बारावीच्या तोडीचा, मोटरस्पोर्ट किंवा ऑटोमोटिव्हचा कोर्स म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ वर्कशॉपमध्ये, बॉयलर सूट घालून. पण आपल्याकडे 'आयटीआयला घातलं' म्हणताना जो सूर लागतो, तो इथं तितका ऐकू येत नाही. आणि लेव्हल ३ नंतर पुढचं दारही बंद होत नाही. एक खिडकी मात्र लवकर बंद होते, तिच्याकडे मी येतेच.

तुम्ही नेमक्या कुठल्या गावात राहता ते तुमच्या ह्यांना एकदा नकाशावर दाखवा. फॉर्म्युला वन, म्हणजे एफ-वन, शर्यतींच्या संघांपैकी रेड बुलचा कारखाना तुमच्या मिल्टन कीन्समध्येच. मर्सिडीजचा ब्रॅकलीला आणि त्यांची इंजिनं बनतात ती ब्रिक्सवर्थला. अ‍ॅस्टन मार्टिन सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकला लागून, अल्पीन एन्स्टोनला, विल्यम्स ग्रोव्हला, हासचं ब्रिटनमधलं ठाणं बॅनबरीला. चाकणजवळ राहणाऱ्या पोरानं गाड्यांच्या कारखान्याचं स्वप्न पाहिलं तर कुणी त्याला वेड्यात काढत नाही. तुमच्या मुलाचंही तसंच आहे. त्यानं हे खूळ यूट्यूबवरून आणलेलं नाही, ते त्याच्या बसच्या रस्त्यावरच आहे.

आता मुद्दा. 'मोटरस्पोर्ट' ह्या एका शब्दाखाली दोन वेगळे धंदे आहेत, आणि तुमच्या घरातलं भांडण बहुतेक त्यामुळेच चाललंय. मुलगा एकाबद्दल बोलतोय, वडील दुसऱ्याबद्दल.

पहिला धंदा टेक्निशियनचा. गाडी उघडणं, जोडणं, कार्बन फायबरचे थर साच्यात बसवणं, मशीनवर भाग कापणं. ह्यांना हे काम एकदा जवळून बघू द्या. रेसिंगच्या वर्कशॉपमध्ये बोल्ट टॉर्क रेंचनं ठरलेल्या मापापर्यंत आवळला की त्यावर रंगाच्या पेननं एक बारीक रेघ मारतात, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या धातूवर. गाडी फेऱ्या मारून परत आली की आधी ती रेघ बघायची. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हललाय. रेघ नसेल तर बोल्ट आवळलेलाच नाही असं धरायचं, मग कुणी कितीही छातीठोकपणे सांगो. कार्बन फायबरचं तर आणखी सोवळं. रेझिन आधीच भिनवलेलं ते कापड फ्रीझरमध्ये ठेवतात, बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट उघडत नाहीत, नाहीतर त्यावर दव धरतं. मग हातमोजे घालून, कुठल्या थराचे धागे कुठल्या दिशेला हे कागदावर बघत बघत एकेक थर बसवायचा आणि शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाबाखाली पक्का करायचा. तुमच्या सासऱ्यांना हे काम एका मिनिटात समजेल. ते हसतात ते बहुधा त्यामुळेच.

दुसरा धंदा इंजिनिअरचा. हवेचा प्रवाह, सस्पेन्शनची गणितं, गाडीवरच्या सेन्सरमधून येणारी माहिती, शर्यतीची आखणी. ह्याला विद्यापीठाची पदवी लागते. तुमच्या ह्यांच्या नोकरीशी ह्याचं नातं गॅरेजपेक्षा जवळचं आहे, कारण दिवसातले बरेच तास स्क्रीनसमोरच जातात.

मघाशी म्हटलेली ती लवकर बंद होणारी खिडकी म्हणजे गणित. चांगल्या विद्यापीठांत मेकॅनिकल, ऑटोमोटिव्ह किंवा मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगला प्रवेश हवा तर बहुतेक ठिकाणी ए-लेव्हलचं गणित मागतात, सोबत बऱ्याचदा भौतिकशास्त्रही. कॉलेजातल्या व्यावसायिक कोर्सवर प्रवेश देणारी विद्यापीठं आहेत, फाउंडेशन वर्षाची, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्षाची, सोयही आहे, पण कोर्सनुसार फरक फार. म्हणून कॉलेजला पहिला प्रश्न हाच विचारा: ह्या कोर्ससोबत ए-लेव्हलचं गणित घेता येतं का? आणि तुमचे विद्यार्थी पुढे कुठे गेले, त्या जागांची नावं सांगा. 'अनेक जण उद्योगात जातात' असं गुळमुळीत उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

१६ व्या वर्षीच्या वाटा थोडक्यात. नेहमीचं ए-लेव्हल. कॉलेजातला लेव्हल ३ डिप्लोमा. टी-लेव्हल, म्हणजे दोन वर्षांचा कोर्स, तीन ए-लेव्हलच्या तोडीचा मानलेला, आणि त्यात कमीत कमी ३१५ तास खऱ्या कंपनीत काम. किंवा अप्रेंटिसशिप, जिच्यात शिकताना पगार मिळतो. एफ-वनचे संघही अप्रेंटिस घेतात, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढिगानं, तेव्हा त्या एकाच टोपलीत सगळी अंडी नकोत. सिल्व्हरस्टोन ट्रॅकलगतचं सिल्व्हरस्टोन यूटीसी (युनिव्हर्सिटी टेक्निकल कॉलेज) हेही बघून या. २०१३ साली सुरू झालेल्या ह्या शाळेचा मुख्य भर इंजिनिअरिंगवर आहे. व्यावसायिक कोर्सेसची सध्या सरकारी पातळीवर फेररचना चालू आहे, त्यामुळे शेजारणीच्या मुलानं तीन वर्षांपूर्वी काय केलं ह्यावर विसंबू नका.

पदवीपर्यंत गेलाच तर सर्टिफिकेटवर 'मोटरस्पोर्ट' हा शब्द असायलाच हवा असं नाही. ऑक्सफर्ड ब्रुक्समध्ये मोटरस्पोर्टची पदवी आहे, क्रॅनफिल्डमध्ये एमएससी. क्रॅनफिल्ड तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण साधी मेकॅनिकलची पदवी घेऊन ह्या क्षेत्रात गेलेले कितीतरी आहेत, आणि उद्या शर्यतींचा कंटाळा आला तर ती विमानांपासून पवनचक्क्यांपर्यंत कुठेही चालते. नावापेक्षा त्या विद्यापीठाचा फॉर्म्युला स्टुडंटचा संघ कसा आहे ते बघा. १९९८ पासून ही स्पर्धा ब्रिटनमध्ये होते. विद्यार्थ्यांनी स्वतः एक छोटी रेसकार आखायची, बांधायची आणि उन्हाळ्यात सिल्व्हरस्टोनला आणून पळवायची. १,००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी पळवण्याचे नसतातच. आराखडा का असा केला, खर्च किती आला, ही गाडी विकायची तर कशी विकाल, ह्याची उत्तरं परीक्षकांसमोर उभं राहून द्यायची. शेवटची परीक्षा २२ किलोमीटरची, मध्ये ड्रायव्हर बदलायचा. वर्षभर राबून बांधलेली गाडी तिथं सातव्या-आठव्या फेरीला बंद पडते आणि पोरं ढसाढसा रडतात. माझा भाचा पुण्यात अशाच एका कॉलेज-संघात होता. एका सैल कनेक्टरमुळे त्यांची गाडी थांबली. पुढे मुलाखतीत मार्कांबद्दल त्याला फारसं कुणी विचारलं नाही, त्या कनेक्टरवर मात्र वीस मिनिटं बोलणं झालं म्हणे.

एफ-वन नाही मिळालं तर? बहुतेकांना मिळत नाहीच, हे मुलाला आत्ताच सांगा, पण घाबरवायला नव्हे. रस्त्यावरच्या गाड्या विजेवर चालल्यात. त्यांच्या नारिंगी केबलमधून ४०० व्होल्ट, काहींत ८०० व्होल्ट वाहतात. तिथं हात घालण्याआधी पुरवठा तोडायचा, ठरलेला वेळ थांबायचं आणि मीटर लावून वीज नाही ह्याची खात्री करायची, हे ज्याला शिस्तीत येतं त्याला काम शोधत फिरावं लागत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये विजेवरची गाडी उघडून ठेवलेली आहे की फक्त जुनी पेट्रोल हॅचबॅक, हे मी तरी आधी बघेन.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमच्याकडे आयएलआर, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याचा परवाना, आहे का? वर्क व्हिसावर असाल तरी १६ ते १८ चं कॉलेज सहसा अडत नाही, पण विद्यापीठाच्या वेळी खरी गंमत कळते. होम फी, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांसाठीची कमी फी, जी इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला वर्षाला ९,५३५ पौंड होती, ती मिळायला साधारणपणे मुलाचा कायम वास्तव्याचा दर्जा आणि आधीची तीन वर्षं इथलं राहणं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या कोर्सला हे १ सप्टेंबरच्या दिवशी मोजतात. नाहीतर परदेशी विद्यार्थ्याची फी, सहज दुप्पट-तिप्पट, आणि सरकारी कर्जही नाही. ओळखीतल्या एका घरात आयएलआरचं पत्र ऑक्टोबरात आलं. विद्यापीठानं तारीख दाखवली आणि हात वर केले. मुलगी वर्षभर घरी थांबली. लांबच्या वास्तव्याचा एक वेगळा निकष आहे: वय १८ पूर्ण झालेलं असेल तर किमान अर्धं आयुष्य इथं गेलेलं असावं लागतं. तुमचा मुलगा नवव्या वर्षाच्या आसपास आलाय, म्हणजे अठराव्या वर्षी तो अगदी काठावर. पासपोर्टवरचे शिक्के काढून महिने मोजा. यूकेसीआयएसए ह्या परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या संस्थेकडे ह्याबद्दल नीट माहिती मिळते. अप्रेंटिसशिपचे निकष पुन्हा वेगळे, तेही आधीच तपासा.

कॉलेज बघायला बोलावतात त्या ओपन इव्हिनिंगला तुम्ही जाऊ नका. बाप-लेकाला दोघांनाच पाठवा. ह्यांना सांगा, माहितीपत्रक राहू दे, वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा आणि तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, तू आत्ता हे काय करतोयस? तो पोरगा सांगू शकला तर कॉलेज बरं. जाताना सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावून ठेवा. कोपऱ्यातलं लेथ कसं राखलंय, बेडवर गंज आहे की तेल, हे ते कोल्हापुरात बसून सांगतील, आणि त्यांचं मत ह्यांना माझ्यापेक्षा लवकर पटेल.