उबुंटूवर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) सोर्समधून टाकलं, पण 'लिबएसएसएल (त्याची लायब्ररी) सापडत नाही' असा एरर येतो. काय करावं?

बिल्ड बहुतेक नीटच झालंय. ६४ बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर ओपनएसएसएल ३ आपल्या लायब्ररी 'लिब'मध्ये न ठेवता 'लिब६४' फोल्डरमध्ये ठेवतं, आणि उबुंटूचा लोडर (प्रोग्रॅमसाठी लायब्ररी शोधणारा भाग) तिथे आपणहून बघत नाही. प्रीफिक्स (कुठल्या फोल्डरखाली इन्स्टॉल करायचं तो पाथ) यूएसआर/लोकल असेल तर कॉन्फिगर करताना लिबडिर हा पर्याय 'लिब' असा देऊन पुन्हा बिल्ड करा, किंवा ईटीसीमधल्या एलडी.एसओ.कॉन्फ.डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून तिच्यात लिब६४ चा पूर्ण पाथ लिहा; प्रीफिक्स दुसरा असेल तर हाच मार्ग. दोन्हीत शेवटी सुडो लावून एलडीकॉन्फिग (लोडरची यादी ताजी करणारी कमांड) चालवायचंच. लोक नेमकं तेच विसरतात.

कृपा करून प्रीफिक्स यूएसआर देऊ नका. सिस्टिमची मूळ लायब्ररी त्याखालीच असते आणि एसएसएच, कर्लसारखे प्रोग्रॅम तिच्यावर चालतात; ती बिघडली तर दुरुस्तीलाही हात बांधले जातात. ऑप्टमध्ये वेगळा फोल्डर सगळ्यात बरा. मात्र नव्या प्रतीचा सर्टिफिकेटचा फोल्डर रिकामा असतो, म्हणून प्रत्येक साइटला 'व्हेरिफाय एरर' येईल. तो काढून त्याच्या जागी ईटीसी/एसएसएल/सर्ट्सकडे नेणारी सिमलिंक (शॉर्टकटसारखी जोडणी) करा.

टारबॉलचा (डाउनलोड केलेल्या सोर्सच्या फाइलचा) शा२५६, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते तपासायचा कोड, जुळवलात ना? आणि इन्स्टॉलआधी 'मेक टेस्ट' कराच, वेळ लागला तरी.

एक कळकळीने सांगतो: या प्रतीला एप्टचे (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरचे) अपडेट मिळणार नाहीत. ओपनएसएसएलमधल्या २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षा-दोषासारखं काही निघालं तर पुन्हा बिल्ड तुम्हालाच करावं लागेल. खास नवी आवृत्ती लागत नसेल तर एप्टचीच वापरा.