नाटक अख्खं पाठ कर

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग काळजी वाटली. गेल्या हंगामात नायिका होतीस आणि यंदा तीन नाटकांत मिळून जेमतेम दहा-बारा वाक्यं, त्यातही एका नाटकात नुसतं कोरसमध्ये उभं राहायचं. त्यात मालिकेचं बोलावणं आलंय आणि रेपर्टरीच्या, म्हणजे पगारी संचात आलटून-पालटून नाटकं करणाऱ्या आपल्या मंडळीच्या, कराराचं उत्तर महिनाअखेर द्यायचंय.

तुझ्यात गुण आहेत की नाहीत यावर मी एक शब्दही खर्चणार नाही. मला एकच सांग, या तीन नाटकांपैकी तुला किती पाठ आहेत? तुझी वाक्यं विचारत नाहीये. नाटक. तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत, सगळ्यांचं.

नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे घेऊन, काम करणाऱ्या नटाचं गणित वेगळं असतं. तेच नाटक शंभर-दोनशे वेळा होतं, प्रयोगागणिक ते अंगात मुरत जातं. आपल्याकडे आज एक, उद्या दुसरं, आणि दोन महिने बंद पडलेलं तिसरं एका धावत्या तालमीवर पुन्हा लागतं. अशा वेळी ज्याला फक्त आपली वाक्यं येतात तो क्यूची, म्हणजे आपल्या आधीच्या वाक्याची, वाट बघत लटकतो. समोरच्याने दोन पानं गाळली की त्याचे डोळे पांढरे होतात. नाटक सावरतं ते बहुधा मागे भाला घेऊन उभं असलेलं माणूस, कारण त्याला अख्खं पाठ असतं. हे प्रेक्षकांना कळत नाही. संचातल्या प्रत्येकाला कळतं, आणि पुढच्या हंगामाचं वाटप संचातच होतं.

तू म्हणशील, रेपर्टरी ही दिल्लीची फॅशन. अगं, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची रेपर्टरी 1964ची. त्याच्या कितीतरी आधी आपल्या नाटक मंडळ्या हेच करत होत्या: महिन्याचा पगार, एकत्र बिऱ्हाड, मुक्कामाच्या गावी आज हे नाटक तर उद्या ते. गणपतराव बोडसांनी 1911 साली किर्लोस्कर मंडळीत ‘मानापमान’मधला लक्ष्मीधर करून लोकांना हसवून सोडलं, आणि 1919 साली गंधर्व मंडळीत ‘एकच प्याला’चा दारूत बुडालेला सुधाकर उभा केला. एका नटाच्या पोटात ही दोन माणसं मावतात, कारण मंडळी त्याला एकाच साच्यात बसू देत नाही. तुला यंदा कोरसमध्ये टाकलंय ते शिक्षा म्हणून नव्हे. (कधीकधी असतंही, दिग्दर्शक काही संत नसतात. तरीही पाठ कर.)

आणि कॅमेऱ्याची घाई म्हणशील तर उत्तरा बावकर आणि सुरेखा सीक्री वर्षानुवर्षं त्या रेपर्टरीत होत्या. पुढे ‘तमस’ मालिकेत दोघी दिसल्या तेव्हा त्यांना कुणी उशिरा आलात असं म्हटलं नाही.

आता माझं. मी राहिलो. बरोबरचे मुंबईला गेले, त्यांचे चेहरे लोक ओळखतात, त्यांची घरं झाली. मला त्याचं काही वाटत नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलोय. एका नाटकातल्या मुलाच्या भूमिकेवर माझा फार जीव होता. मी तेव्हा त्यात नोकर होतो, अख्खं नाटक पाठ केलं आणि वाट बघत बसलो. नाटक पुन्हा लागलं तोवर माझ्या वाट्याला बापाचं काम आलं. रोज त्या पोरासमोर उभा राहायचो आणि त्याची वाक्यं माझ्या आत चालू असायची. लोक म्हणायचे, तुमचा बाप किती लक्ष देऊन ऐकतो! ऐकत होतो की जळत होतो, मलाही सांगता येणार नाही. पण तसा बाप मी दुसरा केलेला नाही, आणि तो पाठांतरातून आला. हे मी पटवून घेण्यासाठी लिहितोय असं तुला वाटेल. वाटू दे.

पाठ कसं करायचं तेही नीट ऐक. दुसऱ्यांची वाक्यं सपाट पाठ कर, त्यांच्या हेलासकट नको. हेल उचललास तर ज्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या जागी बदली म्हणून उभी राहशील त्या दिवशी नक्कल करशील, आणि नक्कल पाचव्या रांगेतूनही ओळखू येते. विंगेत बसून मोबाइल बघणं बंद. शांतता कुठे आहे, कोण कुणाकडे पाठ करतं, दार कुणी उघडायचं, तेही पाठ कर. नाटक म्हणजे फक्त बोललेलं नव्हे, हे मी तुला समजावत बसायचं म्हणजे कमाल झाली.

पैशांबद्दल मी बोलत नाही. रेपर्टरीच्या मानधनात घर चालवणं अवघड आहे, ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे, आणि घरी कुणी अवलंबून असेल तर माझी सगळी बडबड बाजूला ठेव.

नसेल, तर उद्या तालमीआधी दिग्दर्शकांना गाठ. मोठं काम मागू नकोस. तिन्ही नाटकांत तू कुणाची बदली आहेस ते विचार. कुणाचीच नाही म्हणाले तर, ‘मला एक ठरवून द्या’ म्हण. मग संहिता घेऊन बस. मालिकावाल्यांना काय कळवायचं ते मला विचारू नकोस. माझं उत्तर तुला माहीत आहे, आणि ते निःपक्षपाती नाही.