ट्रॉलीचा होज बदलताना काय सांभाळायचं

तुम्ही विचारलंय की हायड्रॉलिक ट्रॉली वर उचलून, खाली शिरून लीक होणारा होज (तेलाचा रबरी पाइप) एकट्याने बदलला तर चालेल का, आणि त्याच दिवशी रोटाव्हेटरची पाती पण बदलायचीत. काम अवघड नाहीये, पण एकट्याने नको, आणि तुम्ही लिहिलेल्या क्रमाने तर अजिबातच नको.

ट्रॉली वर असते ती फक्त होजमधल्या तेलाच्या जोरावर. इंजिन बंद केलं तरी प्रेशर आतच राहतं, त्यामुळे होजचा नट थोडा जरी सैल केला तरी तेल बाहेर आणि ट्रॉली खाली, सरकायला वेळच मिळत नाही. आधी ट्रॉली रिकामी करा. होजपर्यंत हात ट्रॉली खाली असताना पोचत असेल तर वर उचलूच नका. नसेल पोचत तर उचलून कंपनीचा सेफ्टी टेकू लावा, मग लिव्हर हळूहळू खाली घेऊन सगळं वजन टेकूवर बसू द्या, इंजिन बंद, चावी खिशात, आणि लिव्हर परत दोन-चार वेळा मागेपुढे करा म्हणजे राहिलेलं प्रेशर निघून जाईल. पाना त्यानंतर लावायचा. टेकू म्हणून विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक कोणी सांगितले तर ऐकू नका, ते न सांगता फुटतात. नुसत्या जॅकवर पण भरवसा नको, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

लीक कुठंय ते बोट फिरवून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला सहज 150-200 बार प्रेशर असतं, सुईएवढ्या भोकातून येणारी धार दिसत पण नाही आणि सरळ कातडीच्या आत जाते. वरून मुंगी चावल्यासारखा ठिपका, सुरुवातीला दुखत पण नाही फारसं, म्हणून लोक घरी बसतात आणि आतलं मांस सडायला लागतं. असं झालं तर लगेच हॉस्पिटल, आणि तिथे "तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं, नाहीतर मलमपट्टी करून परत पाठवतील. लीक बघायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा.

रोटाव्हेटरचं थोडक्यात. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा दांडा, ज्यावर रोटाव्हेटर चालतो) मिनिटाला 540 फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला 9 फेरे, बाही अडकली तर हात मागे घेऊ म्हणणं फोल आहे, म्हणून पाती बदलताना तो जोडणारा शाफ्टच काढून ठेवा. रोटाव्हेटर लिफ्टवर लटकता ठेवून खाली झोपू नका, खाली ठोकळे लावून त्यावर टेकवा.

आणि सेल्फ लागत नाही म्हणून बाजूला उभं राहून स्टार्टरवर पाना टेकवून स्टार्ट करायचा प्रकार (सगळेच करतात, माहितीये) गिअरमध्ये असेल तर मागचं चाक अंगावरच येतं.

होज नेमका कुठे लीक आहे, क्रिंपपाशी (टोकाचं फिटिंग दाबून बसवलेलं असतं तिथे) की मधेच घासून? घासला असेल तर नुसता नवा टाकून काही होणार नाही, कशाला घासतोय ते शोधावं लागेल. फोटो टाका.