डांबरातली कडी जिवाणू कशी फोडतात?

प्रश्न : कोळशापासून गॅस काढायचे जुने कारखाने बंद होऊन कित्येक वर्षं झाली तरी तिथल्या मातीत डांबराची घाण तशीच असते. मग जिवाणू डांबरातले पीएएच (पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स) खातात म्हणतात ते खरं का? आणि बाहेरून जिवाणू आणून टाकले तर जमीन साफ होईल?

उत्तर : खातात, अगदी खरंय, पण सगळे पीएएच सारखे नसतात, मेख तिथेच आहे. पीएएच म्हणजे बेंझिनची, म्हणजे सहा कार्बन अणूंची, कडी एकमेकांना जोडून झालेले रेणू. डांबरगोळीतलं नॅप्थलीन दोन कड्यांचं, पायरीन चार कड्यांचं, आणि बेंझो-ए-पायरीन पाच कड्यांचं, ज्याने कॅन्सर होतो.

हे कडं भलतंच चिवट, त्यामुळे पहिला घाव घालणंच सगळ्यात अवघड. स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंकडे डायऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ऑक्सिजनच्या रेणूतले दोन्ही अणू कड्यावर शेजारी शेजारी नेऊन बसवतं, आणि यासाठी जिवाणूला आधी पदरची ऊर्जा घालावी लागते, कमाई नंतर! मला तर ही पायरी दरवेळी नव्याने थक्क करते. मग दुसरी एन्झाइम्स कडं फोडतात, नॅप्थलीनचं सॅलिसिलेट होतं, त्याचं कॅटेकॉल, तेही फुटतं आणि उरलेले तुकडे क्रेब्स सायकलमध्ये जातात, अन्नातून ऊर्जा काढणारी, आपल्या पेशींत चालते तीच.

मग अडतं कुठे? विरघळण्यात. नॅप्थलीन लिटरभर पाण्यात साधारण ३० मिलिग्रॅम विरघळतं, बेंझो-ए-पायरीन मिलिग्रॅमचे काही हजारांश फक्त. पाण्यात उतरत नाही ते जिवाणूच्या हाती लागत नाही, मातीच्या कणांत रुतून बसतं, आणि जितकी जुनी घाण तितकी खोल. मायकोबॅक्टेरियम या जिवाणूच्या काही जाती पायरीनवर जगतात, पण पाच कड्यांचे रेणू बहुतेकदा दुसरं काही खाताना जाता जाता मोडले जातात, याला को-मेटाबॉलिझम म्हणतात.

बाहेरून जिवाणू टाकायची घाई नको. इतकी वर्षं डांबर मुरलेल्या मातीत ते बहुधा असतातच, कमी पडतो तो ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस. १९८९ साली एक्सॉन वाल्डेझ जहाजातून अलास्कात तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर खत टाकलं होतं, काम तिथल्याच जिवाणूंनी केलं. म्हणून आधी माती उकरून हवा खेळवा, ओल आणि खत द्या. आणि हो, अर्धवट मोडलेले काही तुकडे मूळ रेणूइतकेच विषारी असू शकतात, तेव्हा पीएएचचा आकडा खाली आला म्हणून थांबू नका, मातीची विषारीपणाची टेस्टही करून घ्या.