एक्सेलमध्ये पाण्याचा कॉलम कुठंय?

अगं, तुझी एक्सेल शीट बघितली. तीन फ्लॅट, कार्पेट एरिया, रेट, मेट्रो किती लांब, जिम, पोडियम गार्डन, वास्तूला पण एक कॉलम. पाण्याला एकही नाही. आणि वर विचारतेस, काका तिन्ही सारखेच वाटतायत, कसं ठरवू? सारखेच वाटणार ना, उन्हात, एजंटने दिलेल्या वेळेला, घाईघाईत बघितलेस.

मी एकच सांगणार आहे आणि तेच तेच सांगणार आहे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघ. बाकी सगळं बदलता येतं, टाइल्स, किचनचा ओटा, दारं, रंग. पाणी नाही बदलता येत.

एजंट म्हणाला ना "मॅडम पावसात कशाला त्रास घेताय, उघडीप झाली की या"? मग आजच जा. पुण्यात जुलै महिना म्हणजे घर बघायला देवाने दिलेला महिना आहे आणि तू तो उघडिपीची वाट बघत घालवणार? दोन दिवस सलग पाऊस लागला की जायचं. हॉलच्या मधोमध उभं राहून "छान उजेड आहे" म्हणायचं नाही. खिडकीखालची भिंत, कपाटामागची भिंत, माळ्याच्या आतला कोपरा, तिथे तळहात टेकवून बघायचं. एकच भिंत नव्याने रंगवलेली असेल किंवा फक्त एकाच खोलीला पीओपीचं नवीन सीलिंग असेल तर विचारायचं, हिथेच का बाबा? सीलिंगला तांबूस रेघा दिसल्या, प्लास्टर फुगलेलं दिसलं तर आतली सळई गंजायला लागलीय. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते, त्यावर कितीही महाग पेंट मारा.

बाथरूमचं तर वेगळंच. सगळे आपल्या बाथरूमच्या टाइल्स बघतात. तू खालच्या मजल्यावर जा, बेल वाजव, सांग की वरचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे, तुमच्या बाथरूमचं छत बघू का. लाजू नकोस, लोक आनंदाने दाखवतात, काहीजण तर चहा पाजून पाच वर्षांचं भांडण ऐकवतात. मग वर येऊन एक बादली ओत आणि बघ पाणी नहाणीच्या जाळीकडे जातंय की दाराकडे येतंय. दाराकडे आलं तर उतारच चुकलाय. सोसायटीच्या बायलॉजप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, टेरेसची आणि बाहेरच्या पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने, पण तुझ्या बाथरूममधून खाली गळलं तर ते तुझं. लोन फेडता फेडता ते पण.

आता येतं कुठून. पहिला फ्लॅट वाघोलीतला. गाव 2021 मध्ये महापालिकेत आलं म्हणून सगळे खूश, पण पालिकेत येणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. ओनरकडून सोसायटीचा मागच्या एजीएमचा, म्हणजे वार्षिक सभेचा, अहवाल माग आणि त्यात टँकरचा खर्च किती लिहिलाय ते बघ, विशेषतः एप्रिल-मेचा. ब्रोशरमध्ये लिहितात चोवीस तास पाणी, अहवालात खरं लिहावं लागतं कारण ऑडिटर असतो. बोअरचं पाणी असेल तर नळाच्या जाळीवर, बादलीवर पांढरा थर दिसेलच. सकाळी सातला जा, सगळी बिल्डिंग आंघोळीला असते तेव्हा शॉवर सोड.

ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेऊन कर, त्यात माझं ज्ञान नको. फक्त ओसीचं सांगतो, तो नसेल तर पालिकेच्या नळजोडाचीच मारामार, म्हणजे फिरून पाण्यावरच आलो. दुसऱ्या फ्लॅटची बिल्डिंग नवीन आहे म्हणतेस तर मूळ ताबा कधी दिला ती तारीख बघ. रेरा, म्हणजे बिल्डरांसाठीचा कायदा, त्याप्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवलेलं हवं, व्हॉट्सॲपवर थम्ब्ज अप नाही.

तिसरा, सिंहगड रोडचा, नदीच्या बाजूचा, तुला व्ह्यू आवडलाय तो. पूररेषेचा नकाशा बघितलास? निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्याच एकता नगरीत सोसायट्यांमध्ये पाणी घुसलं, लोकांना बोटीने काढावं लागलं. 2019 ला तर आंबिल ओढ्याने, साध्या ओढ्याने, लोकांच्या भिंती पाडल्या. तू सहाव्या मजल्यावर असशील गं, पण लिफ्टची मशिनरी, मीटर, पाण्याचा पंप आणि तुझी गाडी खालीच असणार.

काकू हे वाचून हसेल. 90 च्या दशकात कोथरूडला एक फ्लॅट मी बाथरूमच्या मागे ओल दिसली म्हणून सोडला होता. आज त्याची किंमत काढली की घरात दोन दिवस अबोला. चुटपूट आहेच, नाही म्हणत नाही. पण मी आजही नाहीच म्हणेन. मध्ये त्या बाजूला गेलो तर टेरेसवर पत्र्याची शेड टाकलेली दिसली. म्हणजे गळतंयच ना! काकू म्हणते कपडे वाळवायला टाकली असेल. असो.

रविवारी टोकन देऊ नकोस. ती "दुसरी पार्टी तयार आहे" वाली पार्टी मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय, अजून कोणाला भेटली नाहीये. तिसरा फ्लॅट शीटमधून काढून टाक, व्ह्यूचा फोटो ठेव हवा तर. शनिवारी सकाळी मी येतो, आधी वाघोली. एजंटला टेरेसची चावी आणायला आत्ताच सांग, तिथे गेल्यावर "वॉचमनकडे आहे, वॉचमन गावाला गेलाय" नको.